विश्लेषण: मुंबई राहायला महाग, पाहायला नाही! पाच जणांची सहल माफक खर्चात कशी आखावी?

मराठवाडा-विदर्भातल्या बहुतेक घरांत ‘एकदा मुंबई पाहायची राहिली आहे’ असे म्हणणारे एक तरी माणूस असते. मुलांना समुद्र पाहायचा असतो, आजीला सिद्धिविनायक किंवा चैत्यभूमी गाठायची असते, आजोबांना गेट वे आणि मंत्रालय डोळ्यांनी बघायचे असते. बेत दरवर्षी ठरतो आणि ‘मुंबईत पैसा पाण्यासारखा जातो’ या एका वाक्यावर मोडतो. पुढच्या वर्षी मुले थोडी मोठी झालेली असतात आणि आजी-आजोबांचे गुडघे थोडे अधिक दुखत असतात. म्हणूनच हा पैसा नेमका कुठे जातो आणि तो कुठे वाचवता येतो, हे एकदा कागदावर मांडून पाहणे गरजेचे आहे.

खर्चाचा मोठा वाटा कशावर जातो?

उदाहरणासाठी जालन्यातील पाच जणांचे कुटुंब धरू. आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८ वर्षांची, आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी. तीन दिवस मुंबईत फिरायचे आणि दोन रात्री मुक्काम करायचा.

रेल्वेच्या स्लीपर डब्याचे जाण्या-येण्याचे भाडे पाच जणांचे सुमारे ३,००० रुपये होते. पाच जण मावतील अशी कुटुंबाची खोली रोज साडेतीन हजारांना मिळाली असे धरले, तर दोन रात्रींचे जीएसटीसह ७,३५० रुपये. जेवण-नाश्त्यासाठी माणशी दिवसाला ३०० रुपये धरल्यास ४,५००. शहरातील प्रवासासाठी १,५०० आणि प्रवेश तिकिटे, होडी वगैरेंसाठी २,५०० रुपये बाजूला काढले, तर बेरीज १८,८५० रुपये होते. अडीअडचणीसाठी आणखी दहा टक्के ठेवले, की हिशेब पावणेएकवीस हजारांच्या आसपास थांबतो.

खोलीचा दर आणि जेवणाचा खर्च हंगामानुसार व आवडीनुसार बदलेल. पण प्रमाण पाहण्यासारखे आहे. एकूण खर्चातील पाचपैकी जवळपास दोन भाग केवळ मुक्कामावर जातात. जे पाहण्यासाठी एवढा प्रवास करायचा, त्याच्या तिकिटांचा वाटा सातवा हिस्साही नाही. मरीन ड्राइव्ह, गेट वे, गिरगाव आणि दादरची चौपाटी, शिवाजी पार्क, हुतात्मा चौक, चैत्यभूमी यांना तिकीटच नाही. त्यामुळे ‘हे नको पाहायला, ते महाग आहे’ अशी काटछाट करून फारसे हाती लागत नाही. बचत होते ती तारखा, मुक्कामाची जागा आणि फिरण्याचा क्रम या तीन निर्णयांत, आणि हे तिन्ही निर्णय घरी बसूनच घ्यायचे असतात.

दिवस कोणते निवडावेत?

दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर आणि गणेशोत्सवाचे दहा दिवस या काळात गाड्या भरलेल्या असतात आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी लाखो अनुयायी दादरला येतात. त्या दिवशी अभिवादनासाठी जायचे असेल तर गोष्ट वेगळी, पण केवळ सहलीसाठी तो आठवडा टाळलेला बरा. पावसाळ्यात खोली स्वस्त मिळू शकते, मात्र जुलैतला एक मुसळधार दिवस लोकल थांबवतो आणि सहलीचा एक तृतीयांश भाग खोलीतच जातो. जानेवारी-फेब्रुवारीत हवा त्यातल्या त्यात बरी असते आणि परीक्षाही दूर असतात.

महिन्याइतकाच आठवड्याचा वार महत्त्वाचा आहे. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. वरळीचे नेहरू तारांगणही सोमवारी बंद. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. मंगळवारी सिद्धिविनायकाला सर्वाधिक गर्दी. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर देखभालीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो, त्यामुळे काही तास गाड्या उशिराने धावतात किंवा वळवल्या जातात. पश्चिम रेल्वेवरही असे ब्लॉक होतात. हे सगळे वार वगळले, की गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार उरतात. गुरुवारी सकाळी पोहोचून शनिवारी रात्री परतीची गाडी धरली, तर कोणतेही दार बंद मिळत नाही आणि मुलीच्या शाळेचे दोनच दिवस बुडतात.

रेल्वे की एसटी?

एसटीच्या सवलती ऐकल्या की एसटीच स्वस्त असणार असे वाटते. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. म्हणजे वरील कुटुंबात आजोबा फुकट, आजी, आई व मुलगी यांचे अर्धे आणि एकट्या वडिलांचे पूर्ण. पाच जणांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो.

रेल्वेत चित्र उलटे आहे. ज्येष्ठ नागरिकांची भाडे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती परतलेली नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे लागते; बर्थ न घेतल्यास अर्धे. म्हणजे बर्थ हवा असेल तर पाच जणांची पाच पूर्ण तिकिटे.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. जानेवारी २०२५ मधील भाडेवाढीनंतर साध्या एसटीचा सहा किलोमीटरच्या टप्प्याचा दर १०.०५ रुपये झाला. जालना-मुंबई हे सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर धरले, तर पूर्ण तिकीट ६७० रुपयांच्या घरात जाते आणि अडीच तिकिटांचे जवळपास १,७०० होतात. स्लीपर डब्याचे तिकीट ३०० रुपयांच्या आसपास आहे. पाच जणांचे १,५००. एवढ्या सवलती असूनही रेल्वे थोडी स्वस्तच पडते, शिवाय आजी-आजोबांना रात्रभर आडवे होता येते. जिथे रेल्वेच नाही अशा बुलढाण्यासारख्या शहरातून निघताना एसटीच्या सवलतीचा खरा उपयोग होतो. घरापासून जवळच्या मोठ्या स्थानकापर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे, असाही मेळ घालता येतो. एसटीत वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड किंवा तत्सम ओळखपत्र जवळ लागते.

रात्रीच्या गाडीचा आणखी एक फायदा हिशेबात धरला जात नाही. देवगिरी एक्स्प्रेससारखी गाडी रात्री झोपवून सकाळी मुंबईत उतरवते. जाताना एक आणि येताना एक अशा दोन रात्री गाडीत गेल्या, की तीन दिवसांच्या सहलीला खोलीच्या दोनच रात्री लागतात. दिवसा धावणारी वंदे भारत आरामाची खरी, पण तिचे भाडे स्लीपरच्या कितीतरी पट आहे आणि दिवस प्रवासात जातो.

आरक्षण करताना काय पाहावे?

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. सकाळी आठला खिडकी उघडते. पहिल्या दिवशीच जाण्याचे आणि तीन दिवसांनी परतीचे तिकीट काढून ठेवावे. प्रतीक्षा यादीतले ई-तिकीट निश्चित झाले नाही तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. तात्काळ तिकिटे आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० आणि स्लीपरसाठी ११ वाजता खुली होतात. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळसाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते. शेवटच्या रात्री ही जोडणी करायला बसण्यापेक्षा आजच करून ठेवावी.

खालच्या बर्थबाबत एक बारकावा आहे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तो अशा एक किंवा दोनच प्रवाशांच्या तिकिटावर लागू होतो. पाच जणांचे एकत्र तिकीट काढले, की हा कोटा मिळत नाही. आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढल्यास खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. डबा वेगळा येण्याची जोखीम त्यात आहे. तेव्हा कोणाला काय अधिक जड जाईल, वर चढणे की वेगळे बसणे, हे पाहून ठरवावे.

मुक्काम कुठे करावा?

स्वस्त खोली शोधत माणूस कल्याण, पनवेल किंवा विरारपर्यंत जातो. खोली खरेच स्वस्त मिळते. पण कल्याण ते सीएसएमटी हे अंतर ५० किलोमीटरहून अधिक आहे. जाण्या-येण्याचे दोन-अडीच तास रोज लोकलमध्ये जातात आणि संध्याकाळी परतताना नेमकी कचेऱ्या सुटण्याची गर्दी वाट्याला येते. दुपारी दमलेल्या आजीला तासभर आडवे होण्यासाठी खोलीवर परतता येत नाही, आणि मग परतीसाठी टॅक्सी केली जाते. खोलीत वाचवलेले पैसे त्या टॅक्सीत जातात.

दादर, भायखळा, सीएसएमटी-फोर्टचा परिसर किंवा फार तर ठाणे ही मुक्कामासाठी सोयीची ठिकाणे. दादर सर्वात सोयीचे, कारण तिथे मध्य व पश्चिम या दोन्ही मार्गांच्या लोकल मिळतात आणि मराठवाड्याकडून येणाऱ्या अनेक गाड्या थांबतात. खोली ठरवण्यापूर्वी फोनवर पाच गोष्टी विचाराव्यात. पाचव्या माणसासाठी जादा गादी मिळते का आणि तिचे किती? लिफ्ट आहे का? दिवस चोवीस तासांचा मोजतात की दुपारी बारापर्यंतचा? सकाळी सातला पोहोचल्यास सामान ठेवता येईल का? सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का? सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के कर आहे. त्याहून अधिक कर कोणी लावत असेल तर बिल मागावे. सर्व प्रौढांची मूळ ओळखपत्रे सोबत असावीत.

निश्चित तिकीट असलेल्या प्रवाशांना मोठ्या स्थानकांतील रेल्वेची विश्रामगृहे काही तासांसाठी किंवा दिवसासाठी घेता येतात. त्यांचे आरक्षण आयआरसीटीसीवर होते. खोल्या थोड्या असतात, म्हणून तिकीट निश्चित होताच पाहावे.

मोबाइलवर शोधताना एक सावधगिरी हवी. हॉटेल किंवा भक्तनिवासाच्या नावाने बनावट पाने तयार करून, त्यावर फोन क्रमांक टाकून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर पूर्ण पैसे पाठवू नयेत. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत उतरावे का?

मुंबईत आत्या, मामा किंवा चुलतभाऊ असतोच. गावाकडच्या वाड्यात चार पाहुणे सहज सामावतात. मुंबईतल्या दीड खोलीत पाच पाहुणे म्हणजे यजमानांनी रात्री स्वयंपाकघरात झोपणे. पाणी ठरावीक वेळी येते, सकाळी प्रत्येकाला ठरलेली लोकल गाठायची असते आणि न्हाणीघर एकच असते. नाही म्हणण्याचा संकोच त्यांना असतो, म्हणून विचारण्याआधी पाहुण्यांनीच अंदाज बांधावा. आजी-आजोबांनी एखादी रात्र तिथे राहावे आणि बाकीच्यांनी खोली घ्यावी, हा मधला मार्ग पुष्कळदा सर्वांना मानवतो. जाताना ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, घरचे लोणचे न्यावे. मुंबईकर नातलगांना मिठाईच्या डब्यापेक्षा त्याचे अप्रूप अधिक असते.

धर्मशाळांची गोष्ट वेगळी आहे. परळ-दादर भागातील अनेक स्वस्त निवासव्यवस्था टाटा रुग्णालय, केईएम अशा ठिकाणी उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या आधारासाठी चालतात. दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा त्यांतलीच. जागा न मिळालेले रुग्ण तिथे पदपथावर दिसतात. सहलीसाठी या जागा मागू नयेत. समाजसंस्थांची आणि देवस्थानांची अतिथिगृहे मात्र पर्यटकांनाही खुली असू शकतात. त्यांची चौकशी आधी करावी.

शहरात फिरावे कशाने?

लोकल हे मुंबईतील सर्वात स्वस्त वाहन आहे. दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपये. सीएसएमटी ते दादर पाचच रुपयांत जाता येते, चर्चगेट ते अंधेरी १० रुपयांत. एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक पासही मिळतात, पण दिवसातून दोन-तीनदाच आणि जवळच्या अंतरावर जायचे असेल तर सुटी तिकिटे स्वस्त पडतात. तिकीट रेल्वेच्या ‘रेलवन’ अ‍ॅपवर काढता येते, मात्र ते फलाटावर शिरण्याआधी काढावे.

बेस्टचे किमान भाडे ९ मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये आहे, पहिल्या पाच किलोमीटरसाठी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून दीड किलोमीटरसाठी ३१ रुपये आहे. यातून एक गंमत निघते. चार प्रौढ बसने गेले तर ४० रुपये लागतात, टॅक्सीने दीड किलोमीटर गेले तर ३१. म्हणजे दीड-दोन किलोमीटरपर्यंत चौघांना टॅक्सी बसपेक्षा महाग नाही. त्यापुढे बस स्वस्त. टॅक्सीत चारच प्रवासी घेतात, म्हणून पाच जणांच्या कुटुंबाला दोन टॅक्सी कराव्या लागतात. तेव्हा आजी-आजोबा आणि नात यांना टॅक्सीत बसवून आई-वडिलांनी बसने किंवा पायी यावे, असे होऊ शकते. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. त्या वांद्रे आणि सायनच्या पुढे उपनगरांत मिळतात, किमान भाडे २६ रुपये.

ज्येष्ठांसाठी सर्वात सुखाची सोय म्हणजे भुयारी मेट्रो. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, दादर ही स्थानके याच मार्गावर आहेत. भाडे अंतरानुसार १० ते ७० रुपये. लोकलपेक्षा महाग, पण लिफ्ट आहे, गारवा आहे आणि धक्काबुक्की कमी. सकाळची गर्दी आणि आजीचे गुडघे यांचा विचार करता हा जादा खर्च वाया जात नाही. मेट्रो, लोकल आणि बेस्ट या सर्वांची तिकिटे एकाच जागी मिळावीत यासाठी ‘मुंबई वन’ हे अ‍ॅपही त्याच महिन्यात सुरू झाले आहे.

तीन दिवसांत काय पाहावे?

मुंबई दक्षिण-उत्तर लांब आहे. सकाळी गेट वे, दुपारी बोरिवली आणि संध्याकाळी पुन्हा चौपाटी असा बेत केला तर अर्धा दिवस गाडीत जातो. एका दिवशी एकच भाग हा साधा नियम पाळावा.

गुरुवार दक्षिण मुंबईसाठी. उतरल्यावर सामान ठेवून, अंघोळ-नाश्ता करून, अकरानंतर निघावे. १८८८ मध्ये पूर्ण झालेली आणि २००४ पासून जागतिक वारसा असलेली सीएसएमटीची इमारत बाहेरून निवांत पाहावी. समोर महापालिकेचे मुख्यालय आहे. पुढे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बळी पडलेल्यांचे स्मारक मुलांना दाखवायचे, तर ती गोष्ट सांगायला आजोबांपेक्षा चांगला वाटाड्या नाही. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय व राजाबाई टॉवर, तर दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीच्या इमारती आहेत. २०१८ मध्ये या परिसरालाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि गेट वे जवळच. सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसावे. एवढ्या दिवसात संग्रहालयाचे तेवढे तिकीट लागते.

शुक्रवारी भायखळा आणि दादर. राणीच्या बागेत आई-वडील आणि १५ वर्षांपर्यंतची दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये तिकीट आहे. सुट्या प्रौढाला ५०. पेंग्विन आणि वाघ पाहण्यात मुलांची सकाळ सहज जाते. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. दुपारी विश्रांती घेऊन सिद्धिविनायक, मग शिवाजी पार्क, चैत्यभूमी आणि दादरची चौपाटी.

शनिवारी घारापुरी किंवा राष्ट्रीय उद्यान यांपैकी एकच. घारापुरीला गेट वेवरून होडीने साधारण तासभर लागतो. लेण्यांचे तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालील मुलांना मोफत. होडीचे तिकीट वेगळे. वर जायला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. होडीत प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, जीवरक्षक जॅकेट घालावे आणि गच्च भरलेली होडी सोडून द्यावी. पायऱ्या जमणार नसतील तर आजी-आजोबांनी नातेवाइकांकडे दिवस घालवावा. तारापोरवाला मत्स्यालय जुन्या याद्यांत हमखास सापडते, पण ते काही वर्षांपासून बंद आहे. त्यासाठी चर्नी रोडला उतरू नये.

जेवणाचे गणित कसे सांभाळावे?

जातानाच्या रात्रीसाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी. मुंबईत सकाळचा नाश्ता वडापाव, इडली किंवा इराणी हॉटेलातल्या चहा-ब्रून मस्क्यावर स्वस्तात होतो. दुपारी पोटभर राइस प्लेट घ्यावी. दादर-गिरगावच्या मराठी खाणावळींत घरच्यासारखे जेवण मिळते. रात्री पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणि भाजी खोलीवर आणली, तर खर्च निम्म्यावर येतो आणि दमलेल्या ज्येष्ठांना पुन्हा बाहेर पडावे लागत नाही. पर्यटनस्थळांच्या दारातली दुकाने महाग असतात, म्हणून पाण्याच्या बाटल्या भरून न्याव्यात. मुलीला चौपाटीवरची भेळ मात्र नाकारू नये. सहलीतून तिच्या लक्षात राहणार आहे ती तीच.

गर्दीत कोणती काळजी घ्यावी?

सकाळी आठ ते अकरा या वेळेत दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ या वेळेत उत्तरेकडे जाणाऱ्या लोकल टाळाव्यात. जलद गाडी आपल्या स्थानकावर थांबते का, हे फलाटावरच्या फलकावर पाहावे. शंका असेल तर धीमी गाडी धरावी. आई, आजी आणि मुलगी यांनी महिला डब्यात बसावे. १२ वर्षांखालील मुलगाही आईसोबत तिथे बसू शकतो. कुठे उतरायचे ते स्थानक चढण्यापूर्वी प्रत्येकाने मोठ्याने सांगावे. कोणी गाडीत राहिले तर त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबावे आणि घरच्यांनी तिथे जावे, हे आधी ठरलेले असावे. दोघांनीही एकमेकांना शोधत निघाले, की चुकामूक वाढते.

मुलांच्या आणि आजी-आजोबांच्या खिशात मोबाइल क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असावी. फोनची बॅटरी संपते, चिठ्ठी संपत नाही. रेल्वेसाठी १३९, मुलांसाठी १०९८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. औषधे मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत असावीत. स्थानकातील सामानघरात बॅग ठेवायची तर तिला कुलूप लागते, तेही घरूनच न्यावे. आणि सर्वात महत्त्वाचे, सहलीचा वेग घरातल्या सर्वात लवकर दमणाऱ्या माणसाच्या पायांवरून ठरवावा.

मग अडते कुठे?

पाच रुपयांत दादर गाठता येते आणि समुद्र फुकटात पाहता येतो. देशातल्या इतर मोठ्या शहरांना हेवा वाटावा इतके हे स्वस्त आहे. ही स्वस्ताई आपोआप आलेली नाही. लोकल, बेस्ट, मैदाने, बागा आणि चौपाट्या सार्वजनिक राहिल्या म्हणून ती टिकून आहे. राज्याच्या तिजोरीतून एसटीच्या सवलतीही दिल्या जातात. पण एसटीने किंवा रेल्वेने मुंबईत उतरलेल्या पाच जणांच्या कुटुंबाने रात्री कुठे टेकायचे, याचे उत्तर सरकारी व्यवस्थेकडे जवळपास नाही. विश्रामगृहांच्या खोल्या मोजक्या आणि धर्मशाळा रुग्णांनाच पुरत नाहीत. उरतात ती खासगी लॉज, जिथे स्वच्छता आणि दर दोन्ही नशिबावर.

मुंबई हे केवळ पर्यटनस्थळ नाही, ती या राज्याची राजधानी आहे. कोणी परीक्षेसाठी येतो, कोणी मंत्रालयातल्या कामासाठी, कोणी उपचारांसाठी आणि कोणी फक्त समुद्र पाहण्यासाठी. या सर्वांना स्थानकाजवळ स्वच्छ, सुरक्षित आणि ठरलेल्या दराची कुटुंबखोली मिळाली, तर पावणेएकवीस हजारांचा हिशेब पंधरा हजारांपर्यंत खाली येऊ शकतो. प्रवासावरील सवलतींइतकाच मुक्कामाचाही विचार राज्य सरकारने, महापालिकेने आणि रेल्वेने करायला हवा.

तोवर कुटुंबांच्या हाती नियोजन आहे. साठ दिवस आधी तिकीट, गुरुवार ते शनिवार, मध्यवर्ती मुक्काम आणि एका दिवशी एक भाग एवढे जमले, तर सहल आवाक्यात येते. महिन्याला दोन हजार बाजूला टाकले तर वर्षाच्या आत ही रक्कम उभी राहते. आजी-आजोबांना पायऱ्या चढता येतात तोवरच हा बेत तडीस नेलेला बरा.